तळाशी गेलेलं बटण

धाकटीने फ्रीजरमधली काचेची वाटी काढली, खिडकीशी नेली आणि उजेडात तिरकी धरली. वाटीत काठापर्यंत बर्फ होता, टणक आणि पांढरा. वर काहीच नव्हतं. तिने एप्रनच्या टोकाने वाटी पुसली आणि खालून पाहिलं. बटण तळाला चिकटून बसलं होतं.

"झालं वाटोळं," ती म्हणाली.

फरशी पुसणाऱ्या मावशींनी मान वर केली. "काय सांडलं?"

"काही नाही. मावशी, सकाळी मेन स्विच तुम्ही चालू केलात?"

"मग कोण करणार? सात वाजता आले तर सगळीकडे अंधार. पंखा नाही, दिवा नाही."

बर्फावर बटण ठेवायची युक्ती धाकटीचीच होती. वाटीभर पाणी गोठवायचं आणि वर एक बटण ठेवून द्यायचं. वीज नीट राहिली तर बटण वर राहतं. वीज जाऊन बर्फ वितळला तर ते बुडतं, आणि वीज परत आली की तळाशीच गोठून बसतं. फ्रीज आपल्या माघारी किती वेळ बंद होता हे कुणी सांगत नाही, बटण सांगतं. प्राण्यांच्या दवाखान्यात लशी या फ्रीजच्या भरवशावर असतात. एकदा तापलेली लस पुन्हा गार केली तरी ती मेलेलीच. डॉक्टर येणाऱ्याजाणाऱ्याला ती वाटी कौतुकाने दाखवायचे, "आमच्या सिस्टरांचं संशोधन," असं म्हणून. बटण तिच्याच एप्रनचं होतं, वरून दुसरं. तिथे तेव्हापासून सेफ्टी पिन होती.

तिला हिशोब लागायला वेळ लागला नाही. मागच्या आठवड्यात दवाखान्याला रंग दिला, तेव्हा फ्रीज या भिंतीकडून त्या भिंतीकडे सरकवला होता. जुन्या जागी फ्रीजची लाइन वेगळी होती, मेन बंद केला तरी तो चालू राहायचा. नव्या जागी तसं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी तीन दिवसांच्या सुट्टीसाठी कुलूप लावताना तिने मेन बंद केला, कारण एकदा वायर जळाल्यापासून डॉक्टरांचा तसा नियमच होता. एकोणीस वर्षं तो हात त्या स्विचकडे आपोआप जात आला होता, तसा तो शनिवारीही गेला. आणि तीन दिवस बाहेर अशी रणरण होती की नळाचं पाणीसुद्धा हाताला चटका देत होतं.

डॉक्टर दहाला आले. तिने वाटी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"बटण खाली गेलंय, डॉक्टर."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "कधीपासून बंद होता?"

"शनिवार संध्याकाळपासून. आज सकाळी सातपर्यंत."

"मेन कुणी बंद केला?"

"मी."

"हं," डॉक्टर म्हणाले.

एकोणीस वर्षांत ते तिच्यावर कधी ओरडले नव्हते. आत्ता ओरडले असते तर बरं झालं असतं, तिलाही उलट बोलता आलं असतं. त्यांनी नुसतं "हं" म्हटलं आणि फ्रीजकडे गेले.

"पिल्लांच्या लशी किती आहेत?"

"चौतीस."

"कंपनीकडे तुटवडा आहे. दोन महिने तरी नवा माल येत नाही. लोकांना काय सांगायचं? सिस्टरांनी फ्रीज बंद करून ठेवला?" त्यांनी एक बोटभर बाटली उचलून मुठीत धरली. "गार आहे की."

"आता गार आहे, डॉक्टर."

"मग टोचायचीही आताच आहे ना?" बाटली त्यांनी जागेवर ठेवली. "अहो, कंपन्या उगाच घाबरवतात. थोडीफार ताकद कमी होते, एवढंच. बटण वर ठेवा आणि कामाला लागा."

तिने वाटी नळाखाली धरली. बर्फ सुटायला बराच वेळ लागला. बटण तळहातावर घेऊन ती पाणी पुन्हा गोठायची वाट पाहत राहिली, आणि दुपारी, कुणी बघत नसताना, ते बर्फावर ठेवून आली. आता कुणीही येऊन बघावं, फ्रीज कधी बंद पडलाच नव्हता.

शुक्रवारी थोरली आली.

थोरली म्हणजे तिची जाऊ. दोन गल्ल्या पलीकडे राहायची, बायकांचे कपडे शिवायची. मूलबाळ नव्हतं. मोठे भावजी जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून ती आणि शिलाई मशीन, दोघीच. दीड महिन्यापूर्वी कुणीतरी दारात सोडून दिलेलं एक पिल्लू कपड्यांच्या चिंध्यांच्या टोपलीत जाऊन झोपलं, आणि दुसऱ्या दिवशी मापाची टेप पळवून पलंगाखाली बसलं. त्या दिवसापासून त्याचं नाव टेप्या. तीन वर्षांत जिच्या तोंडून धड चार वाक्यं निघत नव्हती ती थोरली आता दिवसभर बडबडायची. "अरे गधड्या, ती कात्री आहे, हाड नाही!" असं रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. ऐकणारे हसायचे. धाकटीला बरं वाटायचं.

पण लस टोचायचं नाव काढलं की थोरलीचं एकच.

"आमचा घरकोंबडा आहे. कुठे जातो तो बाहेर?"

"जाऊबाई, रोग चपलेला चिकटून घरात येतो. त्याला बाहेर जायची गरज नाही."

"मग चपलांना टोच."

असं महिनाभर चाललं होतं. धाकटीने समजावलं, चिडवलं, एकदा तर चक्क भांडण केलं. हा एक रोग असा की पिल्लू चार दिवसांत हातचं जातं, आणि एवढ्याशा सुईने तो टळतो, हे ती दर दोन दिवसांनी तिच्या कानीकपाळी ओरडत होती. थोरली ऐकून घ्यायची आणि काजं करत बसायची. आणि आज, नेमकी आज, ती स्वतःहून बाकावर येऊन बसली होती. इस्त्रीचे कपडे, केस चापूनचोपून बसवलेले. उरलेल्या कापडाची झोळी शिवून त्यात टेप्याला गळ्यात अडकवलं होतं. झोळीला खिसासुद्धा होता.

"आले बाई एकदाची," ती म्हणाली. "डोकं खाल्लंस माझं. शेजारच्या गल्लीत एक कुत्रं गेलं म्हणे त्याच रोगाने. रात्रभर डोळा लागला नाही. टोच काय टोचायचं ते."

पुढच्या महिन्यात या, हे वाक्य धाकटीच्या ओठावर आलं होतं. फक्त तोंड उघडायचं होतं. पण परत पाठवलं तर थोरली म्हणेल, बघ, एवढं काही घाईचं नव्हतंच, आणि मग पुन्हा ती या दाराशी यायची नाही. धाकटीने स्वतःला हे कारण दिलं. चांगलं होतं कारण. खरं कारण आतल्या खोलीत टेबलाशी बसलं होतं आणि दार उघडं होतं. का परत पाठवतेस, असं थोरलीने विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं, मेन मी बंद केला. तिला लाज वाटली. भीतीही वाटली. आणि डॉक्टर म्हणाले होतेच ना, थोडीफार ताकद कमी होते.

तिने फ्रीज उघडून बाटली काढली.

"बघू," थोरलीने हात पुढे केला. बाटली तळहातावर घेतली आणि दचकली. "अगं बाई, केवढी गार! बर्फच की." मग टेप्याच्या नाकाला ती टेकवली. त्याने चाटायला जीभ काढली. "बघ रे, तुझं औषध. आता याला काही होणार नाही ना गं?"

"नाही," धाकटी म्हणाली.

टेप्याला तिने मानेमागे टोचलं. तो कुईसुद्धा म्हणाला नाही. बाटलीवरची चिठ्ठी काढून तिने त्याच्या कार्डावर चिकटवली, तारीख घातली, सही केली. थोरली कार्ड उलटंपालटं करून पाहत होती. मग तिची नजर धाकटीच्या एप्रनवर गेली.

"हे काय? शिंपिणीची जाऊ आणि छातीला पिन लावून फिरतेस? लोक मला नावं ठेवतील. बटण कुठंय?"

"आहे. कामात आहे."

"बटण कामात आहे!" थोरली खदखदून हसली. "घेऊन ये घरी, लावून देते. दोन मिनिटांचं काम."

आणखी दोन वेळा ती आली, तीन तीन आठवड्यांनी, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळेला. नवा माल आला नव्हता. दोन्ही वेळा त्याच चौतीसातली बाटली निघाली. पहिली दिली तशी दुसरी दिली, दुसरी दिली तशी तिसरी. एकदा गप्प बसलं की पुढचं सोपं असतं. तिसऱ्या वेळी धाकटीने सांगितलं, "आता पंधरा दिवस थांबा, जाऊबाई. अंगात ताकद तयार व्हायला तेवढे लागतात. मग खुशाल फिरवा."

"पंधरा म्हणजे पंधरा," थोरली म्हणाली.

घरी जाऊन तिने कापड कापायच्या टेबलाच्या फळीवर खडूने पंधरा रेघा मारल्या. कापडावर खूण करायचा तो निळा खडू. रोज सकाळी एक रेघ पुसायची आणि टेप्याला सांगायची, "चौदा राहिले, राजे." पट्टाही शिवून तयार होता, आतून मऊ अस्तर लावलेला. धाकटी एकदा डोकावली तेव्हा तिने तो पट्टा मोठ्या दिमाखात दाखवला, आणि धाकटीने तो हातात घेऊन शिवण बघितली, अस्तर बघितलं, खूप वेळ बघितलं.

मग एके दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच थोरली पायरीवर बसलेली होती. झोळी मांडीवर. टेप्या तिच्यात मावत नव्हता आता, पाय बाहेर लोंबत होते. धाकटीने कुलूप काढलं आणि वास आला. एकोणीस वर्षांत तो वास तिला पाठ झाला होता. तपासायच्या आधीच तिला कळलं.

"पहाटेपासून उलट्या," थोरली म्हणाली. "आणि खालून रक्त. काहीतरी खाल्लं असेल ना गं? दोराबिरा गिळला असेल."

डॉक्टर आले. तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या, म्हणजे तोच रोग. डॉक्टरांनी पट्टी धाकटीला दाखवली नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही. थोरलीला विचारलं, "बाहेर नेलं होतं याला?"

थोरलीचा हात टेप्याच्या कानावर होता. तो तिथेच थांबला.

"एकदाच," ती म्हणाली. "कोपऱ्यापर्यंत. तेरावा दिवस होता. दाराशी बसून रडत होता हो. म्हटलं, दोन दिवसांनी काय होतंय."

"पंधरा सांगितले होते ना?" डॉक्टर वळले. "सिस्टर, तुम्ही सांगितलं होतं ना यांना?"

"सांगितलं होतं," धाकटी म्हणाली.

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. सांगितलंच होतं. दोन दिवसांनी काही होत नाही हेही तिला माहीत होतं. तीन चांगल्या लशी अंगात असत्या तर थोरलीने त्याला तेराव्या काय, दहाव्या दिवशी नेला असता तरी बहुधा काही बिघडलं नसतं. पण हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने सलाइन लावायला टेप्याचा पुढचा पाय हातात घेतला, केस कापले, शीर शोधली. सुई पहिल्याच वेळी बरोबर गेली. तिचा हात नेहमीच हलका होता.

चार दिवस थोरली दवाखान्यातल्या स्टुलावर बसून होती. शिवायचे कपडे तसेच राहिले, लोकांचे निरोप येत राहिले. तिने कुणाला उत्तर दिलं नाही. टेप्याने एकदा डोकं उचलून तिच्या गळ्यातल्या टेपचं टोक तोंडात धरलं, तेव्हा ती ओरडली, "सिस्टर! बघ, बघ, टेप धरली!" धाकटीला ती सिस्टर कधीच म्हणत नसे. पाचव्या दिवशी दुपारी तो गेला. थोरलीने टेप त्याच्या तोंडातून सोडवली, गुंडाळली आणि डॉक्टरांपुढे हात जोडले.

"तुम्ही खूप केलंत," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

डॉक्टर म्हणाले, "नशीब असतं एकेकाचं." त्या दोन महिन्यांत तशीच आणखी तीन पिल्लं गेली होती. त्याला डॉक्टर साथ म्हणाले होते.

पुढच्या आठवड्यात नवा माल आला. जुन्यातल्या सहा बाटल्या उरल्या होत्या. धाकटीने त्या मोरीत रिकाम्या केल्या आणि हातातून ट्रे निसटला असं सांगितलं.

"हात सांभाळा," डॉक्टर म्हणाले. बस्स, एवढंच.

घरी नवरा म्हणाला, "वहिनींचं नेहमीचंच. दोन दिवस धीर निघाला नाही. एवढं तू बजावून सांगितलेलं."

"तुम्ही गप्प बसा," धाकटी म्हणाली, इतक्या जोरात की तो जेवताना थांबला.

"मी काय केलं आता?"

ताटातलं तसंच ठेवून ती उठली.

थोरली आता कमी बोलायची. मशीन मात्र पुन्हा सुरू झालं होतं, आणि कपडे द्यायला येणाऱ्या प्रत्येकीला ती एकच विचारायची. घरात पिल्लू आहे? लस दिली? मग दवाखान्यात लोक यायला लागले. एक जोडपं आलं, एक म्हातारे गृहस्थ आले, कॉलेजातली एक मुलगी दोन पिल्लं घेऊन आली. सगळ्यांच्या तोंडी तेच. "शिंपीणबाईंनी पाठवलंय. पंधरा दिवस म्हणजे पंधरा, असं दहादा बजावलंय." धाकटी मान हलवायची आणि नव्या खोक्यातली बाटली काढायची. डॉक्टर खुशीत होते. म्हणाले, "तुमच्या जाऊबाईंनी तर आपला प्रचारच मांडलाय."

त्या कॉलेजातल्या मुलीने जाता जाता म्हटलं, "खूप वाईट वाटतं हो त्यांचं ऐकून. म्हणाल्या, मी माझ्या हाताने मारलं त्याला. दोन रेघांसाठी. म्हणजे काय, ते मला कळलं नाही."

धाकटीला कळलं. तिने मुलीच्या दोन्ही पिल्लांची कार्डं लिहून दिली. मुलगी गेल्यावर फ्रीजर उघडून वाटी काढली. बटण वरच होतं. तिने ते चिमटीने ओढलं, बर्फाला चिकटलेलं ते कटकन सुटलं. डॉक्टर जेवायला गेले होते. एप्रन काढायचं तिला सुचलंच नाही. बटण मुठीत धरून ती भर दुपारची दोन गल्ल्या चालत गेली.

थोरली ब्लाउजच्या बाह्या जोडत होती. तिने मान वर करून पाहिलं. "अगं, या वेळेला? बैस. पाणी देऊ?"

"नको. जाऊबाई, मशीन थांबवा."

थोरलीने चाकावर हात ठेवला. मशीन थांबलं. टेबलाच्या फळीवर दोन निळ्या रेघा तशाच होत्या, तेराव्या दिवसानंतर पुसायच्या राहिलेल्या. त्यांच्या शेजारी तो पट्टा घडी घालून ठेवलेला होता.

धाकटीने बटण फळीवर ठेवलं. ते ओलं होतं.

"तुमची काही चूक नव्हती," ती म्हणाली. "दोन दिवसांनी काही होत नाही. लसच खराब होती. मेलेली होती. मी सुट्टीला मेन बंद केला, फ्रीज बंद पडला, तीन दिवस बंद होता. हे बटण बर्फावर असतं, ते बुडालं होतं, मी पाहिलं होतं. तुम्ही यायच्या दोन दिवस आधी पाहिलं होतं. तरी टोचली. तीनही वेळा. डॉक्टरांना माहीत होतं. मला माहीत होतं." तिने बटण थोरलीकडे सरकवलं. "टेप्या तुमच्यामुळे नाही गेला. माझ्यामुळे गेला."

बाहेर कुणाचीतरी स्कूटर सुरू होत नव्हती. किक मारत होता, थांबत होता, पुन्हा मारत होता. थोरली बटणाकडे पाहत होती. मग तिने धाकटीकडे पाहिलं, आणि तिचे डोळे हळूहळू भरून आले. धाकटी थप्पड खायला तयार होती. मनातून तिला ती हवीच होती.

"किती वाईट खोटं बोलतेस गं तू," थोरली म्हणाली.

"खोटं नाही, जाऊबाई."

"मला सांगतेस? मी हातात धरली होती ना ती बाटली. बर्फासारखी गार होती. त्याच्या नाकाला लावली होती मी, आठवतं ना?" तिने डोळे पुसले. "तू महिनाभर माझ्या मागे लागलीस, लस टोचा, लस टोचा म्हणून. माझ्याशी भांडलीस त्याच्यासाठी. आणि तूच खराब लस देशील? सख्खी बहीणसुद्धा एवढं करत नाही गं, दुसऱ्याचं पाप आपल्या डोक्यावर घ्यायचं."

"अहो, मी खरंच..."

"पुरे." थोरलीने तिचा हात धरून तिला ओढून समोर उभं केलं. "तिकडे त्या मुलीने काहीतरी सांगितलं असेल आणि तुझा जीव कळवळला. मला काय कळत नाही? मला बरं वाटावं म्हणून आलीस, भर उन्हाची, जेवण टाकून. वाटलं मला बरं, जा. पण हे पुन्हा कुणापुढे बोलू नकोस. नोकरी जाईल उगाच. आणि डॉक्टरांसारख्या देवमाणसाचं नाव खराब होईल."

धाकटीने तोंड उघडलं. पुन्हा सांगता आलं असतं. मावशींना बोलवून विचारता आलं असतं, मेन कुणी चालू केला म्हणून. मोरीत ओतलेल्या सहा बाटल्यांचं सांगता आलं असतं. ती गप्प राहिली, आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की तिला हलकं वाटतंय. सांगून तर झालं होतं. सांगितलं नाही असं आता कुणी म्हणू शकलं नसतं. या हलकेपणाची तिला किळस आली, पण तो गेला नाही.

"हे त्या एप्रनचंच ना?" थोरलीने बटण उचलून प्रकाशात धरलं, अंगावरच्या कापडाला पुसलं. "बघ, शेवटी आणलंस एकदाचं. कामात आहे म्हणे!" ती ओल्या डोळ्यांनी हसली. रिळातून पांढरा दोरा ओढला, सुईत ओवला, आणि धाकटीच्या छातीवरची पिन काढली.

"काढून देते ना एप्रन," धाकटी म्हणाली.

"कशाला? दोन मिनिटांचं काम. हलू नकोस फक्त, टोचेल."

धाकटी हलली नाही. सुई आत जात होती, बाहेर येत होती. थोरलीचं डोकं इतकं जवळ होतं की तिच्या केसांतले कापडाचे धागे दिसत होते. टेबलावरच्या त्या दोन रेघा तिच्या कोपराखाली येऊन जरा पुसट झाल्या होत्या, पण दिसत होत्या. दोऱ्याला वेढे देऊन थोरलीने गाठ मारली, मग दुसरी मारली, मग तिसरी. वाकून दाताने दोरा तोडला आणि अंगठ्याने बटण दाबून, ओढून पाहिलं.

"चार टाके जास्तच घातलेत," ती म्हणाली. "आता काढायचं म्हटलंस तरी निघायचं नाही."